मीटरनंतरचं पाणी: टंचाईच्या दिवसांत सोसायटीने पाणी कसं मोजावं, तपासावं आणि राखावं

ठाण्याचं पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांतून येतं. काही महापालिका स्वतः उचलते, काही स्टेम (ठाणे परिसराला पाणी पुरवणारं प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडून मिळतं. नवी मुंबईकडे खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आहे. पण घोडबंदर रोडवरची सोसायटी असो, दिव्यातली असो की खारघर-उलव्यातली, पाणी मीटरमधून आत आलं की पुढचं पाणीखातं ती सोसायटीच चालवते. तळटाकी, पंप, गच्चीवरची टाकी, पाइप, बोअर, टँकर, क्लोरीन हे सगळं तिच्याच अंगावर असतं. उन्हाळ्यात टँकरवर होणाऱ्या खर्चातला बराच भाग या मधल्या टप्प्यातच वाया जातो आणि पोट बिघडण्याची कारणंही पुष्कळदा इथेच असतात. खाली दिलेली कामं कमिटी, पंप ऑपरेटर आणि एक बरा प्लंबर मिळून करू शकतात.

आधी मोजमाप

पाच मीटरची स्टीलची टेप, टाकीच्या तळापर्यंत पोचणारा एक सरळ पीव्हीसी पाइप आणि एक वही, एवढं पुरतं. तळटाकीची आतली लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा. नकाशातला आकडा घेऊ नका; प्लास्टर, टाइल्स आणि मधल्या भिंतींमुळे खरी जागा त्याहून कमी निघते. लांबी गुणिले रुंदी गुणिले १० केलं की टाकीच्या एका सेंटिमीटरमध्ये किती लिटर पाणी बसतं ते कळतं. टाकी ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असेल तर दर सेंटिमीटरला २४० लिटर. गच्चीवरची टाकी ५ बाय ३ मीटरची असेल तर १५० लिटर. हा आकडा टाकीच्या झाकणावर ऑइल पेंटने लिहून ठेवा आणि पाइपवर सेंटिमीटरच्या खुणा करा. टाकीचे दोन कप्पे असतील तर दोन्ही वेगळे मोजा. अग्निशमनाच्या कप्प्यातलं पाणी या हिशेबात धरू नका. टंचाई कितीही असली तरी ते काढायचं नाही.

मग रोज सकाळी एकाच वेळी मीटरचं रीडिंग, दोन्ही टाक्यांची पातळी आणि आदल्या दिवसाचे टँकर वहीत लिहा. नळाचं आणि टँकरचं मिळून आलेलं पाणी घ्या, टाक्यांतला साठा वाढला असेल तर ती वाढ त्यातून वजा करा, घटला असेल तर ती घट मिळवा. हा झाला दिवसाचा खरा वापर. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे धोरण म्हणून धरलं जाणारं प्रमाण आहे. ८४ घरं आणि घरटी चार माणसं धरली तर ३३६ जण, म्हणजे दिवसाला सुमारे ४५ हजार लिटर. वहीत साठ हजार येत असतील तर नोटीस लावून रहिवाशांना दटावण्याआधी गळती शोधा.

मीटरबद्दल एक सावधगिरी. शटडाऊननंतर, म्हणजे महापालिकेने पाणी बंद ठेवल्यानंतर, रिकाम्या जलवाहिनीतली हवा पुढे ढकलली जाते आणि मीटरचं चाक पाण्याशिवायही फिरतं. म्हणून अशा दिवशी मीटरपेक्षा टाकीतल्या पातळीवर विश्वास ठेवा.

रात्री एक ते चार

गळती शोधायला यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. रात्री एक वाजता पंप बंद करा, गच्चीवरच्या टाकीत येणारं पाणी थांबवा आणि पातळी लिहा. चार वाजता पुन्हा मोजा. समजा १५० लिटर प्रति सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ८ सेंटिमीटरने उतरली, म्हणजे तीन तासांत १२०० लिटर गेले. रात्री लोक उठतात, फ्लश होतात. तीसेक फ्लश आणि प्रत्येकी ८ लिटर धरले तरी २४० लिटर. उरलेले ९६० लिटर कोणीही न वापरता गेले. हाच वेग दिवसभर राहिला तर रोज साडेसात हजार लिटरहून जास्त, म्हणजे दहा हजार लिटरचा जवळपास पाऊण टँकर. इमारतीला पाणी ठरावीक वेळीच सोडत असाल तर ही चाचणी पाणी चालू ठेवून करा, आणि हिशेबात चोवीस तासांऐवजी पाणी जितके तास चालू असतं तेवढेच तास धरा.

दुसऱ्या रात्री गच्चीवरून खाली उतरणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह एकेक बंद करून हीच चाचणी करा. कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यावर उतार थांबतो ते बघितलं की विंग आणि घरांची रांग सापडते. मग त्या रांगेतल्या घरांत फ्लश टाकीची तपासणी: टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाकायचा, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की आतलं रबरी सील गेलेलं आहे. हे सील स्वस्तात मिळतं आणि अर्ध्या तासात बदलून होतं. इतक्या छोट्या वस्तूपायी सोसायट्या वर्षानुवर्षं टँकरचे पैसे मोजतात, आणि फ्लशची गळती आवाज करत नाही म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं मापाचं भांडं ठेवा आणि मिळालेल्या पाण्याला १४४ ने गुणा, म्हणजे दिवसाचा आकडा येईल. शंभर मिलिलिटर भरले तर दिवसाला जवळपास साडेचौदा लिटर.

गच्चीवरची टाकी भरून वाहणं ही दुसरी मोठी चोरवाट. लेव्हल सेन्सर अडकतो, पंप चालू राहतो, आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाळी पाइपात सोडलेला असल्यामुळे कोणाला दिसत नाही. तो पाइप वॉचमनच्या केबिनसमोर, उघड्यावर, पाणी पडताना दिसेल असा आणा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

तळटाकीची चाचणी वेगळी. आत येणारा व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, सहा तास. पातळी उतरली तर टाकी गळते किंवा पंपाचा फूट व्हॉल्व्ह (शोषणाऱ्या पाइपाच्या तळाचा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) पाणी परत सोडतो. पातळी चढली तर जास्त काळजी करा: आधी आत येणारा व्हॉल्व्ह पक्का बंद होतोय का ते बघा; तो ठीक असेल तर बाहेरचं पाणी भिंतीतून आत येत आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि टाकी अर्धी रिकामी असते तेव्हा हे होतं. शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल तर येणारं पाणी कसलं हे वेगळं सांगायला नको. अशा टाकीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत तिच्यातलं पाणी पिण्यासाठी वापरू नये.

दाब आणि वेळा

वीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यापर्यंत साठ मीटरचा उतार असतो, म्हणजे जवळपास ६ बार दाब. वरच्या मजल्यावर नळातून मिनिटाला सहा लिटर येत असतील तर खाली त्याच नळातून दुप्पट-तिप्पट येतात, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही. दर सहा-सात मजल्यांच्या गटाला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून दाब २ ते २.५ बारवर आणा. त्याच्या आधी गाळणी हवीच. टँकरच्या पाण्यातल्या वाळूने हे व्हॉल्व्ह वर्षभरात अडकतात. त्यानंतर बेसिन आणि स्वयंपाकघराच्या नळांना एरेटर (धारेत हवा मिसळणाऱ्या जाळ्या) लावले तर वापर आणखी उतरतो.

इमारतीत सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन तास पाणी सोडायचं, हा बहुतेक कमिट्यांचा पहिला उपाय असतो. आमच्या मते तो शेवटचा असावा. पाणी बंद झालं की उभे पाइप रिकामे होतात आणि आत ओढ तयार होते. कोणाचा जेट स्प्रे बादलीत किंवा कमोडमध्ये पडलेला असला तर तिथलं पाणी उलट वर चढतं आणि पुढच्या पाळीला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरतं. शिवाय लोक पिंपं भरून ठेवतात आणि ताजं पाणी आलं की जुनं ओततात. वेळा लावाव्याच लागल्या तर गच्चीवर प्रत्येक उभ्या पाइपाच्या डोक्याला एअर व्हेंट (हवा आत घेणारी नळी) आहे आणि तो उघडा आहे याची खात्री करा, आणि जेट स्प्रे हुकावर टांगायला सगळ्यांना सांगा.

महापालिकेच्या जलवाहिनीवर थेट मोटर लावणं बेकायदा तर आहेच, त्यात धोकाही तोच आहे. पाइपात ओढ निर्माण झाली की रस्त्याखालच्या सैल सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं, आणि ते तुमच्यासकट सगळ्या आळीला मिळतं.

टँकर उतरवताना

टँकर येण्याआधी महापालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि पंप बंद करा, पातळी मोजा. रिकामा झाल्यावर पाणी शांत होऊ द्या, पुन्हा मोजा. २४० लिटर प्रति सेंटिमीटरच्या टाकीत दहा हजार लिटरने पातळी साडेएकेचाळीस सेंटिमीटरच्या वर चढायला हवी. ३६ चढली तर ८,६४० लिटरच आले. वहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर, दोन्ही पातळ्या, टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत तो आकडा), क्लोरीन आणि चालकाची सही घ्या. पुरवठादाराशी करार करताना लिटरमागे पैसे आणि मोजमाप सोसायटीच्या टाकीवर, असं लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात वाद होतील, नंतर होत नाहीत.

पाणी उतरवण्याआधी टँकरच्या नळातून पारदर्शक काचेच्या बरणीत नमुना घ्या. गढूळ दिसलं, वास आला किंवा तेलाचा तवंग दिसला तर गाडी परत पाठवा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीलाच खपतो आणि जंतू मातीच्या कणांआड वाचतात, त्यामुळे «क्लोरीन जास्त टाकू» हा त्यावर इलाज होत नाही. मग टीडीएस मीटर बुडवा. धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस आपल्याकडे कमी असतो, बहुतेक वेळा दीडशेच्या आत. टँकरमध्ये ६०० किंवा ९०० दिसलं तर ते बोअरचं किंवा विहिरीचं आहे, चालक काहीही सांगो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. मात्र टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. जंतूंबद्दल तो काहीही सांगत नाही. ८० टीडीएसचं पाणीही कॉलऱ्याचं असू शकतं.

इमारतीत फ्लशची पाइपलाइन वेगळी असेल तर टँकरचं आणि बोअरचं पाणी त्याच टाकीत जाऊ द्या, आणि नळाचं पाणी पूर्णपणे स्वयंपाक-आंघोळीसाठी राखा. नव्या इमारतींत बहुधा ही सोय असते, पण दोन्ही टाक्यांना जोडणारा एक «अडचणीच्या वेळचा» व्हॉल्व्हही असतो आणि तो अर्धवट उघडा राहतो. तो व्हॉल्व्ह काढून टाका. फ्लशच्या टाकीत चांगलं पाणी घालायचंच असेल तर पाइपचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा वीतभर उंच, हवेत राहिलं पाहिजे.

टीसीएल किती टाकायची

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो झपाट्याने उतरतो. म्हणून आयएसआय शिक्क्याची, एक-दोन किलोची पाकिटं आणा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात अंधारात ठेवा आणि हिशेबाला २५ टक्केच धरा. पावडर थेट टाकीत फेकण्याची सवय बंद करा: चुना तळाशी बसतो, क्लोरीन एका कोपऱ्यात राहतो आणि पहिल्या दोन घरांना औषधाचा वास येतो.

एक टक्क्याचं द्रावण असं करा. ४० ग्रॅम टीसीएल प्लास्टिकच्या मगमध्ये थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करा, मग पाणी घालून बरोबर एक लिटर करा. तासभर ठेवा. चुना खाली बसेल. वरची निवळ दुसऱ्या बाटलीत काढा. या निवळीच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. ती रोज ताजी करा.

आता मात्रा. प्रत्येक पाण्याची क्लोरीनची भूक वेगळी असते, म्हणून ती बादल्यांवर ठरवायची.

१. चार स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्यांत टँकरचं पाणी दहा-दहा लिटर घ्या.
२. पहिलीत निवळीचे १, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४ मिलिलिटर सिरिंजने टाका आणि ढवळा. म्हणजे लिटरला अनुक्रमे १, २, ३, ४ मिलिग्रॅम मात्रा झाली.
३. झाकून अर्धा तास थांबा. पाणी ढवळत ठेवायची गरज नाही.
४. प्रत्येक बादलीतला उरलेला क्लोरीन क्लोरोस्कोपवर (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन मोजायचं साधं उपकरण) बघा. ज्या बादलीत पहिल्यांदा ०.५ मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त दिसेल ती तुमची मात्रा.

क्लोरोस्कोपमधलं ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावण टाकल्यावर पिवळा रंग येतो; तो दहा सेकंदांच्या आत वाचा. उशीर केला तर अमोनियाशी बांधला गेलेला, जवळपास निरुपयोगी क्लोरीनही त्यात मोजला जातो आणि आकडा फसवा येतो. डीपीडी गोळ्यांचं किट गुलाबी रंग देतं, जास्त भरवशाचं आहे. परवडत असेल तर तेच घ्या. तपासलेलं पाणी दोन्ही प्रकारांत फेकून द्यायचं.

मात्रा २ मिलिग्रॅम निघाली असं धरा. दहा हजार लिटरला २० ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे निवळीचे दोन लिटर. पावडरच्या हिशेबात ८० ग्रॅम. ही निवळ टँकर रिकामा होत असताना, पडत्या धारेजवळ थोडी थोडी ओता, म्हणजे आपोआप मिसळते. त्यानंतर अर्धा तास पंप चालू करायचा नाही. हा अर्धा तास न पाळणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण त्याच वेळी वरून «पाणी कधी सोडताय» असे फोन येत असतात. चौथ्या बादलीतही काही उरलं नाही तर त्या पाण्यात सांडपाणी किंवा भरपूर सेंद्रिय घाण आहे. ते फ्लशला वापरा आणि पुरवठादार बदला.

तळटाकीत ०.५ ठेवायचं ते टोकाच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाला किमान ०.२ मिळावं म्हणून. ऊन आणि उष्णता क्लोरीन उडवतात, त्यामुळे मे महिन्यात दुपारी चार वाजता, पाणी सर्वांत उशिरा पोचणाऱ्या घरात मोजा. तिथे शून्य येत असेल तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण, गाळ आणि पाणी तिथे किती काळ पडून राहतं ते तपासा.

टीसीएल हाताळताना हातमोजे, मास्क आणि चष्मा हवा. टॉयलेट क्लीनर किंवा कोणत्याही ॲसिडजवळ ती ठेवू नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाकी धुणं

मे अखेरीस एकदा आणि दिवाळीआधी एकदा. आदल्या दिवशी पाणी वापरून टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, भरलेली टाकी गटारात सोडायची नाही. गाळ काढून, भिंती आणि छताची खालची बाजू प्लास्टिकच्या ब्रशने घासून झाल्यावर दहा लिटर पाण्यात एक टक्क्याच्या निवळीचे २०० मिलिलिटर टाका. हे लिटरला २०० मिलिग्रॅमचं द्रावण भिंतींना ब्रशने लावा, अर्धा तास ठेवा, थोड्या पाण्याने धुऊन उपसून टाका. अख्खी टाकी तीव्र क्लोरीनने भरून ओतून देणं टंचाईत परवडत नाही आणि त्याची गरजही नाही.

आता जिवाची गोष्ट. तळटाकी ही बंदिस्त जागा आहे. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, आणि माणूस कोसळला की त्याला वाचवायला उतरलेलाही कोसळतो. सगळी झाकणं किमान काही तास उघडी ठेवा, ब्लोअरने हवा सोडा, उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि दोर असू द्या, वर दोन माणसं सतत उभी हवीत. पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीत किंवा झाकणाजवळ लावू नका. विजेचा पंप लावलात तर त्याला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि माणूस पाण्यात असताना पंपाचा प्लग काढलेला हवा. टीसीएलचं द्रावण आत लावतानाही ब्लोअर चालूच ठेवा. आतून नुकताच रंग किंवा वॉटरप्रूफिंगचा लेप दिला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत कोणी उतरू नये. ज्या एजन्सीकडे ही साधनं नाहीत तिला काम देऊ नका, ती कितीही स्वस्त असली तरी.

शटडाऊनच्या दिवशी घरात

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच-सहा लिटर धरा. चार माणसांना एका दिवसासाठी पंचवीस लिटर. नळ असलेली झाकणाची स्टीलची टाकी सर्वांत उत्तम. उघड्या तोंडाचं भांडं असेल तर ओगराळ्यानेच पाणी काढा. ग्लास आणि बोटं आत गेली की बाकी सगळी काळजी व्यर्थ. फ्लश आणि धुण्याचं पाणी वेगळ्या पिंपात ठेवा, आणि पिंप तीन-चार दिवसांत रिकामं करून कोरडं घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

शटडाऊननंतर पहिलं येणारं पाणी जलवाहिनीतला गंज, गाळ आणि सांध्यांतून शिरलेली घाण घेऊन येतं. सोसायटीने तळटाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून हे पाणी मीटरजवळच्या नळाने बादल्यांत काढावं आणि स्वच्छ दिसल्यावर टाकी भरायला घ्यावी. काढलेलं पाणी झाडांना आणि जिने पुसायला चालतं. त्या दिवशी पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. उकळल्याने जंतू मरतात. क्षार मात्र जात नाहीत.

आरओबद्दलही इथेच. नळाचा टीडीएस शंभर-दीडशे असताना आरओ लावला की एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं आणि हाती काहीच लागत नाही. अशा घरांना यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) आणि यूएफ (बारीक पडद्याने गाळणारा) फिल्टर पुरे. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं आहे. बोअरच्या पाण्यामुळे आरओ लागतच असेल तर त्याची वाया जाणारी नळी बादलीत सोडा. ते पाणी लादी पुसायला आणि फ्लशला चालतं. कुंड्यांना सतत घालू नका, मातीत क्षार साचतात.

पाऊस, बोअर आणि सांडपाणी

कुवेतमध्ये वर्षभरात सव्वाशे मिलिमीटरही पाऊस सहसा पडत नाही. तिथे पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवतात. इस्राएलमध्ये शुद्ध केलेलं बहुतेक सांडपाणी शेतीला दिलं जातं. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो, पण तो चार महिन्यांत पडून खाडीला मिळतो. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की वाया जाणारं धरूनही २४० लिटर हाती येतात. अख्ख्या पावसाळ्याचे सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजारचे साठ टँकर. ते उन्हाळ्यापर्यंत साठवायला जागा नसते हे खरं. म्हणून दोन गोष्टी करा. पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून फ्लशच्या टाकीत घ्या आणि उरलेलं बोअरमध्ये मुरवा. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, म्हणून सुरुवातीच्या दोन मिलिमीटरचं, या गच्चीचं ६०० लिटर, व्हॉल्व्हने बाहेर सोडून द्या. पार्किंगमधलं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्यात तेल असतं आणि बोअर एकदा नासला की सुधारत नाही.

आपल्याकडचा खडक बसाल्टचा. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं, तेही मर्यादित. कोलशेत, बाळकुम, दिवा अशा खाडीलगतच्या भागात बोअर फार उपसला तर खारं पाणी आत ओढलं जातं. दर आठवड्याला बोअरचा टीडीएस वहीत लिहा. फेब्रुवारीत ९०० असलेला आकडा एप्रिलमध्ये १,५०० कडे सरकताना दिसला की सलग चार तास पंप चालवणं थांबवा आणि तासभर चालवून तीन-चार तास विश्रांती द्या. आकडा तरीही चढत राहिला तर पावसापर्यंत तो बोअर बंद ठेवा.

सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर तो चालू आहे का ते स्वतः जाऊन बघा. विजेचं बिल वाचवायला ब्लोअर रात्री बंद केला जातो, हवा न मिळाल्याने जिवाणू मरतात, पाण्याला वास येतो आणि रहिवासी ते फ्लशला नको म्हणतात. मग त्याच फ्लशसाठी टँकर येतो. ब्लोअरचं वर्षाचं बिल आणि फ्लशसाठीच्या टँकरचं वर्षाचं बिल एका कागदावर शेजारी मांडून सर्वसाधारण सभेत ठेवा.

प्रयोगशाळेची तपासणी

वर्षातून दोनदा, आणि स्रोत बदलला की लगेच, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या: ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारणारा थायोसल्फेट असतो, म्हणून ती विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड लायटरने भाजा (प्लास्टिकचा नळ असेल तर निवळीने पुसा), दोन मिनिटं पाणी बादलीत सोडा, मग झाकणाच्या आतल्या बाजूला हात न लावता भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. तीन जागांचे नमुने द्या: महापालिकेचं पाणी आत येतं तिथला, तळटाकीचा आणि शेवटच्या घरातल्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा खराब निघाला तर दोष तळटाकीत आहे. दुसरा चांगला आणि तिसरा खराब निघाला तर गच्चीवरच्या टाकीत किंवा उभ्या पाइपांत. पहिलाच खराब असेल तर अहवालाची प्रत जोडून प्रभाग कार्यालयातल्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

१०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) सापडला तर सगळ्या घरांना त्याच दिवशी उकळून पिण्याची सूचना द्या. बिघाड कुठे आहे ते शोधून दुरुस्त करा, टाकी वरच्या पद्धतीने धुऊन क्लोरीनची मात्रा पुन्हा ठरवा आणि नळाला ०.२ टिकतोय याची तीन दिवस नोंद घ्या. मग त्याच नळाचा नमुना पुन्हा पाठवा. दुसरा अहवाल स्वच्छ येईपर्यंत उकळण्याची सूचना काढायची नाही.